तिरक्या चकतीचा नऊदाती प्लँटर: मीटर उत्तम, झाकणावरचा तक्ता टाकाऊ

मालव्यात सध्या जिकडेतिकडे दिसणारा हा तिरक्या चकतीचा प्लँटर, म्हणजे एकेक दाणा टाकणारं पेरणी यंत्र. नऊ दाते, प्रत्येक दात्याला स्वतंत्र बियाण्याची पेटी, मागे खताची लांब पेटी, बाजूला काटेरी चाक आणि चाकावरून साखळीने फिरणारे मीटर, म्हणजे चकतीने बी मोजून सोडणारी यंत्रणा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इंदूर-देवास-धार पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या या घडणीच्या यंत्रांमध्ये रंग सोडला तर मीटरच्या बाबतीत फारसा फरक नसतो. तेव्हा हे परीक्षण सगळं यंत्र उलटून-पालटून बघणारं नाही. खरिपातलं सोयाबीन निघालं, पंधरा-वीस दिवसांत त्याच यंत्राने हरभरा पेरायचा आहे आणि मध्ये कुठे मका आला, तर हा मीटर कसा वागतो, एवढंच इथे तपासलंय.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मीटर चांगला आहे. पण पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला तक्ता, ‘सोयाबीन – ही चकती, चना – ती चकती, मक्का – अमुक चकती’, हा पेरणी बिघडवतो. चकती पिकाच्या नावावरून निवडायचीच नसते, ती दाणा बघून निवडायची असते.

जुन्या सीड ड्रिलमध्ये (साध्या पेरणी यंत्रात) खाचदार रोलर असतो. तो बी मोजत नाही, नुसता वाहू देतो, म्हणून तिथे सगळा हिशेब किलोत. इथे चकती तिरकी बसवलेली असते. तिची खालची कड बियाण्यात बुडालेली, वरची कड मोकळी. खाच खालून दाणा उचलते, वर जाता जाता जास्तीचे दाणे आपल्या वजनाने आणि ब्रशच्या धक्क्याने परत खाली घसरतात, आणि माथ्यावर पोचलेला एकटा दाणा नळीत पडतो. म्हणजे एक खाच, एक दाणा. रचना साधी आहे, दाण्याला रगडत नाही, आणि सोयाबीनला नेमकं तेच हवं असतं. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली, त्यामुळे जरा दाब बसला तर दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही.

आता तक्त्यात चूक काय ते बघू. हिशेबाचं सूत्र एका ओळीचं आहे: चाकाच्या एका फेऱ्यात यंत्र जितकं पुढे जातं, त्याला त्या फेऱ्यात चकतीच्या जितक्या खाचा फिरतात त्याने भागा, की दोन दाण्यांमधलं अंतर मिळतं. चाकाचा व्यास ५० सेंमी धरला तर घेर १५७ सेंमी. पण चाक शेतात थोडं घसटत जातं. ५ टक्के घसट धरली तर एका फेऱ्यात यंत्र १६५ सेंमी पुढे जातं. चाक आणि चकती एकास एक फिरत असतील तर २४ खाचांच्या चकतीने १६५ भागिले २४, म्हणजे ६.९ सेंमी. ओळी ४५ सेंमीवर असतील तर हेक्टरी ३ लाख २३ हजार दाणे पडले. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असते आणि शेतात रोपं हवीत चार-सव्वाचार लाख. म्हणजे यंत्राबरोबर येणारी २४ खाचांची ‘सोयाबीन चकती’ पहिल्याच हिशेबात कमी पडली.

यावर विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘स्प्रॉकेट बदला, चकती जोरात फिरेल.’ स्प्रॉकेट म्हणजे साखळीचं दातेरी चाक; ते बदलता येतं, हे खरं. पण ट्रॅक्टर ताशी ३.६ किमीने चालवला तर एकास एकमध्ये चकती मिनिटाला ३६ फेरे घेते. तिच्याकडून ४० खाचांचं काम काढायचं तर ६० फेरे लागतील. १५ सेंमी व्यासाच्या चकतीची कड मग सेकंदाला ४७ सेंमी धावते. एवढ्या वेगात खाचेला दाणा बसायला वेळच मिळत नाही, ती रिकामी वर जाते. कडेचा वेग सेकंदाला ३० सेंमीच्या आत राहिला तर खाचा नीट भरतात. थोडक्यात, दाट पेरायचं तर खाचा वाढवायच्या, फेरे नाही. ४० खाचांची चकती, एकास एक, अंतर ४.१ सेंमी, हेक्टरी ५ लाख ३९ हजार दाणे. उगवण ८० टक्के निघाली तर ४ लाख ३१ हजार रोपं. शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅम असेल तर हे हेक्टरी ५९ किलो बियाणं झालं, म्हणजे शिफारशीच्या जवळपास, आणि तेही मोजून टाकलेलं.

४० खाचांची चकती यंत्राबरोबर येत नाही. हा आमचा पहिला आक्षेप. वेगळी मागवावी लागते, किंवा कोऱ्या नायलॉन चकत्या घेऊन इंदूरच्या पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या एखाद्या लेथवाल्याकडून त्यांत खाचा पाडून घ्याव्या लागतात. पाडून घेताना दोन मापं कागदावर लिहून द्या. खाचेची लांबी: त्या लॉटमधल्या सर्वांत मोठ्या दाण्याच्या लांबीपेक्षा साधारण १० टक्के जास्त. खाचेची खोली: दाण्याच्या सरासरी जाडीइतकी. आणि कडा घासून गुळगुळीत करायला सांगा. ड्रिल मशीनने पाडलेल्या खाचेला बारीक धारदार कंगोरा राहिला तर तो प्रत्येक दाण्याचं टरफल ओरबाडतो.

लेथवाल्याकडे जाण्याआधी घरी एक परीक्षा करा, पाच मिनिटं लागतात. बियाण्याच्या पोत्यात वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढा. त्यातले सर्वांत मोठे दहा आणि सर्वांत छोटे दहा दाणे वेगळे करा. चकती आडवी तळहातावर धरून मोठे दाणे खाचांत ठेवा. दाणा खाचेत पूर्ण बसून चकतीच्या पृष्ठभागाशी सपाट व्हायला हवा आणि चकती पालथी केली की न अडकता सुटायला हवा. वर डोकं काढत असेल तर ब्रश त्याला उडवणार किंवा फोडणार. मग छोटे दाणे ठेवा: एका खाचेत दोन मावले तर जोड्या पडणार. मोठे अडकतात आणि छोटे दोन-दोन मावतात, असं दोन्ही झालं तर दोष चकतीचा नाही, बियाणं चाळलेलं नाही. आधी चाळा.

हरभऱ्यावर येताना तक्ता आणखी उघडा पडतो. त्याच्या लेखी ‘चना’ म्हणजे एकच पीक. पण मालव्यात देशी हरभराही आहे आणि डॉलर चना, म्हणजे मोठ्या दाण्याचा काबुली हरभराही. इंदूरच्या मंडीत डॉलरचा भाव काउंटवर ठरतो, म्हणजे एका औंसात, २८.३५ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात त्यावर. ४२-४४ काउंटचा दाणा साधारण ०.६५ ग्रॅमचा, ५८-६० चा साधारण ०.४८ ग्रॅमचा, आणि देशी हरभऱ्याचा दाणा ०.२ ग्रॅमच्या आसपास. एकाच ‘चना चकती’त हे तिन्ही कसे बसतील? देशीसाठी पाडलेल्या खाचेत डॉलर बसतच नाही, तो ब्रशखाली घरंगळत राहतो आणि ओळीच्या ओळी रिकाम्या जातात. उलट डॉलरच्या खाचेत देशी टाकला तर दोन-तीन दाणे एकदम.

किलोत विचार करायची सवय इथे फार नडते. डॉलरसाठी १६ खाचांची चकती, दाण्यांत १०.३ सेंमी, ओळींत ४५ सेंमी: हेक्टरी २ लाख १५ हजार दाणे. हेच ४२-४४ काउंटचे असतील तर १४० किलो, ५८-६० चे असतील तर १०३-१०४ किलो. यंत्र तेच, दाणे तेवढेच, आणि पोत्यांत ३६-३७ किलोचा फरक. ‘यंदा मशीन बी कमी टाकतंय’ ही तक्रार बऱ्याचदा इथून निघते. देशी हरभऱ्याला ३० सेंमी ओळीवर २० खाचा घ्या: अंतर ८.२ सेंमी, हेक्टरी ४ लाख दाणे, वजनात सुमारे ८० किलो.

हरभऱ्याला चोच असते, ही गोष्ट बारीक पण महागात पडणारी. चोच खाचेच्या कोपऱ्यात रुतली की दाणा माथ्यावर पडत नाही, पूर्ण फेरा मारून परत येतो, आणि ती खाच दिवसभर बंद. फुटलेली डाळ तर हमखास चिकटून बसते. हरभऱ्याच्या चकतीला खाच सरळ भिंतीची नको, खालच्या बाजूला किंचित रुंद होणारी हवी. आणि बियाण्यात डाळ दिसली तर पेटीत ओतण्याआधी ती काढा.

मक्यात डोकेदुखी कमी. संकरित मक्याचं पाकीट प्रतवारी केलेलं येतं, दाणे एकसारखे असतात. ८ खाचा, २०.६ सेंमी, ओळी ६० वर: हेक्टरी सुमारे ८१ हजार दाणे. चपटा आणि गोल दाणा यांना वेगळी चकती लागते, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. गहू मात्र या यंत्राने पेरायच्या फंदात पडू नका, तो सीड ड्रिलचाच.

चकती बदलण्याच्या सोयीबद्दल या यंत्राला पैकीच्या पैकी. पेटीचा खालचा कप्पा रिकामा केला, मधला पंखांचा नट (विंग नट) काढला की चकती हातात येते. नऊ पेट्यांचं काम दोन माणसांनी तासाभरात उरकतं. घाईत एक गोष्ट राहते: चकतीच्या मागची बैठक पुसणे. बीजप्रक्रियेच्या औषधाचा गुलाबी थर तिथे पापुद्र्यासारखा जमतो. नखाने खरवडून बघा, पटकन निघत नाही. ओल्या फडक्याने भिजवून, लाकडी चिपेने काढा, स्क्रू-ड्रायव्हर चालवू नका. थर राहिला तर नवी चकती अर्धा मिलिमीटर वर बसते, आणि त्या फटीत दाणा शिरून चिरडला जातो. फुटके दाणे अचानक वाढले तर ब्रशला दोष देण्याआधी ही बैठक बघा. औषधाची धूळ विषारीच, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

सोयाबीन ४५ वर सहा ओळी आणि देशी हरभरा ३० वर नऊ ओळी, दोन्हींत पट्टा २.७ मीटरचाच भरतो, हा या सांगाड्याचा मोठा फायदा. सहा ओळी चालवताना उरलेल्या तीन पेट्या नुसत्या रिकाम्या ठेवू नका. त्यांच्या मीटरची पिन काढा. रिकामा मीटर कोरडा फिरत राहिला की त्याचा बुश (आसाभोवतीची झिजणारी कडी) आधी जातो, आणि पुढच्या हंगामात ‘या तीनच ओळी विरळ का?’ म्हणून डोकं खाजवावं लागतं.

तपासणी अंगणात करायची. यंत्र हायड्रॉलिकने उचला, खाली लाकडी ठोकळे द्या, ट्रॅक्टर बंद करा. हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालायचा नाही. चाकावर खडूने खूण करा, प्रत्येक नळीला पिशवी बांधा, पेट्या अर्ध्या भरा. आधी पाच फेरे नुसते फिरवून त्या पिशव्या रिकाम्या करा, म्हणजे सगळ्या खाचा भरतात. मग चालण्याच्या वेगाशी जुळेल अशा बेताने २० फेरे. ४० खाचांच्या चकतीने प्रत्येक पिशवीत ८०० दाणे यायला हवेत. ८०० दाणे मोजायचा कंटाळा येत असेल तर छोट्या डिजिटल काट्यावर तोला: ११ ग्रॅमला शंभर या हिशेबाने ८८ ग्रॅम. ८४ ते ९२ ग्रॅममध्ये असेल तर पुढे जा. पण एकट्या वजनावर विसंबू नका. रिकाम्या खाचा आणि जोड्या एकमेकांना झाकतात, वजन बरोबर येतं आणि ओळ मात्र वाकड्या दातांसारखी उगवते. म्हणून एका तरी मीटरचं झाकण उघडं ठेवून, दुसऱ्याला चाक फिरवायला लावून, माथ्यावरच्या शंभर खाचा डोळ्यांनी मोजा: किती रिकाम्या, किती दुहेरी.

दुहेरी जास्त असतील तर पहिला संशय खालच्या कप्प्यातल्या बियाण्याच्या पातळीवर घ्या. पेटीतून कप्प्यात बी सोडणारी सरकती झडप जास्त उघडी राहिली तर बी माथ्यापर्यंत चढतं आणि जास्तीचे दाणे घसरायला जागाच उरत नाही. बी चकतीच्या मध्याच्या वर जाता कामा नये. आता याच्याशी जोडलेली एक गंमत: ट्रॅक्टरची टॉप लिंक, म्हणजे यंत्राला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा आटेदार दांडा. ती दोन-चार आटे आवळली तरी सगळं यंत्र पुढे झुकतं आणि चकतीचा तिरकेपणा बदलतो. अंगणात नीट चाललेला मीटर शेतात जोड्या टाकू लागला, तर चकती उघडण्याआधी सांगाडा जमिनीशी समांतर आहे का ते पाण्याच्या लेव्हलने बघा. पुस्तिकेत टॉप लिंकबद्दल खोलीच्या संदर्भात दोन ओळी आहेत, मीटरच्या संदर्भात एकही नाही.

शेतात गेल्यावर चाकाचे १० फेरे मोजून टेपने अंतर मापा. १५.७ मीटर आलं तर घसट शून्य, १६.५ आलं तर ५ टक्के. काळ्या मातीत वाफसा यायच्या आधी यंत्र घातलं तर काट्यांमध्ये चिखल भरतो, चाकाचा घेर वाढतो, वर चाक घसटतं, आणि दोन्हींचा परिणाम एकच: बी विरळ. या यंत्राच्या चाकाला चिखल खरवडणारी पट्टी नाही. दुसरा आक्षेप हा. पट्टी कुठलाही वेल्डिंगवाला लावून देईल, पण आपल्या काळ्या जमिनीसाठी विकायचं यंत्र आणि पट्टी नाही, हे काही पटत नाही.

मग तीन-चार मीटर ओळ हळूच उकरून पट्टी लावा. आयएसओ ७२५६ या चाचणी-मानकाची पद्धत घरीही वापरता येते: दोन दाण्यांमधलं अंतर ठरलेल्या अंतराच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर दाणा चुकला, निम्म्याहून कमी असेल तर जोडी. डॉलरच्या १०.३ सेंमीला मोजायचं तर साडेपंधराच्या वर चूक, पाचच्या आत जोडी. चुका जास्त दिसल्या तर आधी वेग कमी करा. २० मीटर २० सेकंदांत, याहून जोरात नको. भाड्याने पेरणाऱ्या ड्रायव्हरला हे सांगणं अवघड असतं, पण सांगा.

रायझोबियम (जिवाणू खत) गुळाच्या पाण्यात कालवून लावलेलं बी ओलं असताना पेटीत ओतू नका. सावलीत सुकवा, मूठ आवळून सोडल्यावर दाणे सुटे पडले पाहिजेत. तरीही चिकट वाटलं तर प्रत्येक पेटीत चमचाभर ग्रॅफाइट पावडर मिसळा. तेल किंवा ग्रीस बियाण्याच्या वाटेवर अजिबात नको. साखळीला हलकं तेल, बेअरिंगच्या निप्पलला ग्रीस, बस. ग्रीस मीटरच्या बाजूला फुटून बाहेर आलं तर लगेच पुसा, नाहीतर त्यावर धूळ आणि औषध बसून त्याचा दगड होतो.

एखादी ओळ पूर्ण गप्प झाली तर मीटर निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. यंत्र उभ्या ट्रॅक्टरवर खाली टेकवलं की दात्याच्या तोंडात चिखल शिरतो आणि नळी बुजते. चालत्या ट्रॅक्टरवर उतरवा, आणि दाते जमिनीत असताना मागे घेऊ नका.

झिजणाऱ्या वस्तूंत ब्रश पहिला. केस एका बाजूला वाकले किंवा टोकं आखूड झाली की बदला, तो स्वस्त आहे. नायलॉनच्या चकतीच्या खाचेची कड बोटाने चाचपून बघा: नव्या चकतीशी ताडून गोलाई जाणवली की ती चकती बाद. बेव्हल गिअरचा (साखळीचा फेर चकतीकडे वळवणाऱ्या दातेरी चाकाचा) एखादा दात तुटला तर चकती प्रत्येक फेऱ्यात झटका खाते, आणि उगवल्यावर ठरावीक अंतराने खंड दिसतात. अंतर मोजलं तर ते १६५ सेंमीच्या आसपास निघेल, मग शोधायला लांब जावं लागत नाही. बेअरिंग, साखळी, स्प्रॉकेट इंदूरच्या सियागंजात मिळून जातं. चकत्या आणि ब्रश हंगामाच्या तोंडावर मिळत नाहीत, तेव्हा मे महिन्यातच घेऊन ठेवा.

न्युमॅटिक प्लँटर घ्यावा का, हे लोक विचारतातच. त्यात दाणा खाचेत बसत नाही, छिद्रावर हवेने ओढून धरला जातो, म्हणून एकच चकती दाण्यांच्या मोठ्या फरकाला चालते. पण पीटीओवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा) पंखा, सील, पट्टा, हवेचा दाब, हे सगळं सांभाळावं लागतं आणि किंमत कित्येक पट. मका, कापूस, भाड्याचं मोठं काम असेल तर विचार करा. सोयाबीन-हरभऱ्याच्या घरच्या शेतीला तिरकी चकती पुरते, मात्र विकत घेताना ४०, २०, १६ आणि ८ खाचांचे संच पावतीवर लिहून घ्या आणि डॉलरसाठी मंडीतला आपला काउंट सांगा.

हंगाम संपल्यावर खताची पेटी त्याच दिवशी धुवा. डीएपीचा उरलेला चुरा पावसाळी हवेत पाणी ओढतो, आणि त्याच पेटीखालून मीटरची साखळी जाते. चकत्या काढून, दोऱ्यात ओवून उन्हात टांगायच्या नाहीत, वाकतात. सपाट फळीवर एकावर एक, वर थोडं वजन, आणि प्रत्येकीवर मार्करने पिकाचं नाव न लिहिता खाचांची संख्या आणि खाचेची लांबी लिहा. पेटीत दाणा शिल्लक ठेवू नका. उंदीर दाण्यासाठी येतात आणि जाताना नळ्या कुरतडून जातात.